फिल्म निवडायची तर सुरुवात पेपरपासून करा

कृष्णधवल फोटोग्राफी शिकणाऱ्याचा प्रश्न असा आहे: ३५ मिमीचा कॅमेरा, घरातच अंधारी खोली तयार, एन्लार्जर (फिल्मवरचं चित्र पेपरवर मोठं करून पाडणारं यंत्र) मिळालेला, सात रोल धुऊन झालेले. त्यांत एचपी५ प्लस, ट्राय-एक्स, फोमापॅन ४०० आणि टी-मॅक्स ४०० अशा चार फिल्म, आणि डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, कधी डी-७६ तर कधी रोडिनल. प्रिंट मात्र दर वेळी मातकट येते. काळं काळं नाही, पांढरं पांढरं नाही. तर फिल्म, डेव्हलपर आणि पेपर यांचं सगळ्यांत चांगलं त्रिकूट कोणतं?

त्रिकूट सांगतो, पण आधी हिशेब मांडू. सात रोल, चार फिल्म, दोन डेव्हलपर. म्हणजे आठ जोड्या होऊ शकतात आणि रोल सात. बहुतेक जोड्या जेमतेम एकदा वापरल्या गेल्यात. मग प्रिंट बिघडली ती कॅमेऱ्यात, फिल्म धुण्याच्या टँकमध्ये, एन्लार्जरखाली की पेपर धुण्याच्या ट्रेमध्ये, हे शोधायला हातात धागाच उरत नाही. यातली एकही फिल्म वाईट नाही आणि दोन्ही डेव्हलपर शंभर वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त काळ टिकून आहेत. तेव्हा विचारायचं ते असं की कोणत्या निवडीत चूक लवकर सापडेल. तसं विचारलं की सुरुवात फिल्मपासून होत नाही, पेपरपासून होते.

सगळ्या साखळीत पेपर सर्वांत तोकडा आहे. चकचकीत पेपरवरचा कोरा पांढरा भाग पूर्ण काळ्या भागाच्या साधारण सव्वाशे पट उजेड परत पाठवतो, म्हणजे सुमारे सात स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मॅट पेपरवर हे पाच-सव्वापाच स्टॉपवर येतं. फिल्म मात्र दहा स्टॉप सहज पोटात घेते. निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या फिल्मवरचं उलट छटांचं चित्र, हातात धरून कितीही देखणी दिसली, तरी ती पेपरच्या मापात बसली नाही तर प्रिंट एक तर मातकट होणार किंवा चुन्यासारखी पांढरी-काळी. म्हणून पेपर एकदा ठरवायचा, तो हलवायचा नाही, आणि निगेटिव्ह त्याच्या मापाची करत जायची.

पेपर कोणता? मल्टिग्रेड, आरसी, चकचकीत किंवा पर्ल, एकाच कंपनीचा, ८ × १० इंच. फायबर, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या, पेपरचं नाव ऐकून अनेकांना तोच ‘खरा’ पेपर वाटतो. तो सुंदर असतो यात वाद नाही. पण शिकताना तो वेळ खातो. आरसी पेपरच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर असल्यामुळे रसायन आत मुरत नाही. डेव्हलपरमध्ये एक ते दीड मिनिट, ताज्या १+४ (एक भाग रसायन, चार भाग पाणी) रॅपिड फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या रसायनात, अर्धा मिनिट, वाहत्या पाण्यात दोन मिनिटं, आणि सपाट वाळतो. फायबरला डेव्हलपरमध्ये दोन-तीन मिनिटं आणि पाण्यात, वॉशएड (धुणं लवकर उरकणारं रसायन) न वापरल्यास, तासभर लागतो. वाळताना तो पापडासारखा वळतो, शिवाय वाळल्यावर ओल्या प्रिंटपेक्षा नजरेत भरेल इतका गडद होतो, म्हणून एक्स्पोजर दहा टक्क्यांच्या आसपास आधीच कमी ठेवावं लागतं. एका बैठकीत आरसीवर दहा चाचण्या होतात तिथे फायबरवर तीन होतील. एखादी निगेटिव्ह पुरती ओळखीची झाली की तिची फायबर प्रिंट जरूर काढा.

मल्टिग्रेड पेपर काम कसं करतो तेही पाहू, कारण तुमचा अर्धा त्रास इथे असू शकतो. त्याच्या इमल्शनचे, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराचे, सगळे भाग निळ्या उजेडाला जवळजवळ सारखेच जागे असतात, पण हिरव्या उजेडाला कमी-जास्त. पिवळा फिल्टर निळा उजेड अडवतो आणि काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, उतरतो. मॅजेंटा फिल्टर हिरवा अडवतो आणि काँट्रास्ट चढतो. इलफर्डच्या संचात ०० ते ५ असे बारा फिल्टर अर्ध्या-अर्ध्या ग्रेडने, म्हणजे काँट्रास्टच्या पायरीने, येतात. ०० ते ३½ पर्यंत एक्स्पोजरचा वेळ तोच राहतो, ४ पासून दुप्पट करायचा. फिल्टर न लावता पेपर साधारण ग्रेड २ सारखा वागतो, पण मग पुढे फिल्टर लावला की वेळेचं सगळं गणित हलतं. म्हणून पहिल्या दिवसापासून २½ चा फिल्टर लावूनच काम करा. निगेटिव्ह २½ वर बसेल अशी बेतली म्हणजे दोन्ही बाजूंना जागा राहते: ढगाळ दिवसाचं चित्र ३½ वर नेता येतं, कडक उन्हातलं १½ वर आणता येतं.

आता ‘मातकट’ या शब्दाकडे येतो. फिल्मला दोष देण्याआधी चार जागा तपासा. माझ्या अनुभवात बहुतेक मातकट प्रिंट यांतच सापडतात.

पहिली जागा ट्रे. पेपर डेव्हलपरमध्ये सरकवला की दहा-पंधरा सेकंदांत चित्र उमटायला लागतं. लाल किंवा पिवळसर सेफलाइटखाली, म्हणजे पेपर बिघडू नये अशा मंद दिव्याखाली, ते असतं त्याहून गडद भासतं. तीस सेकंदांच्या सुमारास वाटतं की आता जळणार, आणि चिमटा आपोआप खाली जातो. प्रिंट बाहेर येते तेव्हा राखाडी छटा बऱ्याचशा उमटलेल्या असतात, पण सर्वांत गडद भागातली चांदी अजून तयार व्हायची असते. काळं गाठलंच जात नाही. आरसी पेपरला दर वेळी घड्याळ लावून पूर्ण नव्वद सेकंद द्या. प्रिंट फार गडद झाली तर एन्लार्जरचा वेळ कमी करा, ट्रेमधला कधीही नाही. प्रिंट चांगली की वाईट हेही सेफलाइटखाली ठरवू नका. फिक्स झाल्यावर पांढऱ्या दिव्याखाली, पाणी निथळवून बघा.

दुसरी जागा सेफलाइट. सेफलाइट पेपर मळवतो का हे बघायला पेपरवर नाणं ठेवतात. ही नाण्याची चाचणी बहुतेक जण कोऱ्या पेपरवर करतात आणि पेपर पांढरा राहिला म्हणून निश्चिंत होतात. ती चाचणी अपुरी आहे. कोऱ्या पेपरला जागं व्हायला थोडा उजेड खर्च करावा लागतो. एन्लार्जरने तो खर्च आधीच केलेला असला की सेफलाइटचा कणभर उजेडही दिसायला लागतो. म्हणून सेफलाइट बंद ठेवून आधी पेपरला फिकट राखाडी रंग येईल एवढंच एक्स्पोजर द्या. मग कामाच्या जागी, सेफलाइटखाली, त्यावर नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल फिकट दिसला तर सेफलाइट तुमचे पांढरे भाग मळवतोय. त्याला दूर न्या किंवा कमी शक्तीचा बल्ब लावा. काचेला तडा गेलाय का, कडेने पांढरा उजेड झिरपतोय का, तेही बघा.

तिसरी जागा पेपर डेव्हलपरचं तापमान आणि वय. १८ अंशांखाली तो सुस्तावतो. चौथी, जुना पेपर: एक तुकडा अंधारातच सरळ फिक्सरमध्ये टाका, दुसरा डेव्हलप करून फिक्स करा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा मळकट दिसला तर ते पाकीट चाचण्यांनाही नको.

या चारही जागा ठीक असतील तर मग निगेटिव्हकडे वळायचं.

फिल्मसाठी माझं उत्तर एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स ४००, यांपैकी जी तुम्हाला सतत मिळत राहील ती. दोन्हींचे चांदीचे कण जुन्या घडणीचे आहेत. अशी फिल्म एक्स्पोजरमध्ये स्टॉपभर जास्त झालं किंवा डेव्हलपरचं तापमान अर्धा अंश सरकलं तरी फारशी रुसत नाही. टी-मॅक्स आणि इलफर्डच्या डेल्टा फिल्म यांचे कण चपटे असतात. त्यांचा ग्रेन, म्हणजे प्रिंटवर दिसणारा कणांचा खरखरीतपणा, त्याच आयएसओला (फिल्मच्या वेगाला, म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेला) बारीक दिसतो, पण वेळ, तापमान आणि हलवणं यांतला फरक त्या जास्त ठळकपणे दाखवतात. टी-मॅक्सला फिक्सरही जास्त वेळ लागतो. निगेटिव्हवर गडद गुलाबी झाक राहिली तर बहुधा फिक्सिंग अपुरं झालंय किंवा फिक्सर थकलाय. फोमापॅन ४०० चांगली आहे, पण नेहमीच्या डेव्हलपरमध्ये तिचा खरा वेग पाकिटावरच्या आकड्याएवढा भरत नाही. कॅमेऱ्याचा आयएसओ २०० किंवा २५० ठेवून ती वापरली नाही तर सावलीचे भाग कोरे राहतात, आणि मग मातकट प्रिंटचं एक कारण तिथेच आहे.

ग्रेनची भीती असेल तर मोठं करण्याचं प्रमाण बघा. ३५ मिमीची फ्रेम ८ × १० वर नेताना चित्र सुमारे आठपट मोठं होतं. एवढ्यात ४०० च्या फिल्मचा ग्रेन दिसतो, पण खुपत नाही. ११ × १४ वर तो बोलायला लागतो. तिथे मन लागत नसेल आणि बहुतेक काम उन्हात किंवा ट्रायपॉडवर होत असेल, तर १२५ आयएसओची एफपी४ प्लस घ्या. हातात धरून, घरात, संध्याकाळी फोटो काढणाऱ्याला १२५ ची फिल्म सुचवणार नाही. हललेल्या चित्राचा बारीक ग्रेन काय कामाचा?

कॅमेऱ्यावर ४०० ची फिल्म २५० ला लावा. निगेटिव्हवर सावलीचा भाग सर्वांत पातळ असतो, आणि तिथे जे नोंदलंच गेलं नाही ते कुठलाही डेव्हलपर परत आणत नाही. उजळ भाग मात्र डेव्हलपिंगचा वेळ कमी-जास्त करून आवरता येतात. हा आकडा मीटरवर, शटर किती खरं चालतं यावर आणि तुम्ही मीटर कुठे धरता यावर अवलंबून आहे, म्हणून २५० ही सुरुवात समजा.

डेव्हलपर: डी-७६ किंवा इलफर्डचा आयडी-११, एकास एक पाण्यात. दोन्ही व्यवहारात एकच आहेत. डी-७६ हा १९२७ पासूनचा. लिटरभर स्टॉकमध्ये, म्हणजे पातळ न केलेल्या द्रावणात, मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सल्फाइटचा आकडा पाहा. एवढ्या प्रमाणात ते कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून ग्रेन मऊ दिसतो. एकास एक पातळ केलं की हा परिणाम कमी होतो, कडा जरा धारदार होतात, वेळ लांबल्याने नियंत्रण सोपं जातं, आणि वापरून ओतून दिल्यामुळे डेव्हलपर थकला की नाही हा प्रश्नच उरत नाही. नवशिक्याला यातला शेवटचा फायदा सर्वांत मोठा.

पावडर कालवताना ५० ते ५५ अंशांचं पाणी घ्या आणि पाकीट एकदम पूर्ण वापरा. अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात असं चालत नाही. पाकिटातले घटक थरांनी बसलेले असतात आणि अर्ध्या पाकिटात कोणता किती आला ते कळायला मार्ग नाही. तयार स्टॉक लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. भरलेली बाटली सहा महिने चालते, अर्धी रिकामी दोनच. मेटॉलने काहींच्या हाताला ॲलर्जी येते आणि एकदा आली की जात नाही, म्हणून हातमोजे घाला आणि पेपरसाठी चिमटा वापरा.

रोडिनल सध्या बाजूला ठेवा. १८९१ सालचा हा डेव्हलपर वर्षानुवर्षं टिकतो, बाटलीत काळसर झाला तरी चालतो, म्हणून मोह होतो. पण तो कणांच्या कडा विरघळवत नाही. ३५ मिमीच्या ४०० फिल्मवर त्याने वाळूसारखा ग्रेन येतो आणि सावलीतला वेगही थोडा जातो. एफपी४ वर किंवा १२० रोलच्या मोठ्या निगेटिव्हवर तोच रोडिनल फार छान दिसतो. एक्सटॉल हा आणखी एक डेव्हलपर बारीक ग्रेन आणि किंचित जास्त वेग देतो. त्याची अडचण एवढीच की तो मरताना रंग बदलत नाही. जुना स्टॉक असेल तर रोलच्या तोंडाचा तुकडा उजेडात त्यात बुडवून बघा. काही मिनिटांत काळाकुट्ट झाला नाही तर ओतून द्या. आणि महिन्याला जेमतेम एक रोल होत असेल तर पावडरचा हट्ट सोडून एचसी-११० सारखा पातळ करून वापरायचा द्रव डेव्हलपर घ्या, सिरिंजने मोजून: १+३१ च्या ३०० मिलीसाठी साडेनऊ मिलीच्या जवळपास.

आता वेळा. आयडी-११ १+१, २० अंश: एचपी५ प्लस ४०० ला १३ मिनिटं. डी-७६ १+१, २० अंश: ट्राय-एक्स पावणेदहा मिनिटं. हे कंपन्यांचे आकडे. २५० ला फोटो काढले असतील तर यातून दहा-पंधरा टक्के वजा करा; म्हणजे एचपी५ साठी साडेअकरा. एन्लार्जर कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी उजेड एकवटणारा, असेल तर आणखी थोडं खाली, ११ वर या, कारण तीच निगेटिव्ह कंडेन्सरखाली, उजेड पसरवणाऱ्या डिफ्यूजरपेक्षा, जास्त काँट्रास्टने छापली जाते. पाणी २४ अंशांचं असेल तर १३ चे साधारण ९ होतात. वेळ पाच मिनिटांखाली गेली की डेव्हलपर फिल्मभर सारखा पोचत नाही आणि आकाशात डाग येतात, म्हणून गरम खोलीत टँक थंड पाण्याच्या बादलीत ठेवणं बरं.

एका ३५ मिमी रोलसाठी टँकमध्ये ३०० मिली: १५० स्टॉक, १५० पाणी. ओतल्यावर पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा करा, तळ ओट्यावर आपटून बुडबुडे सोडवा. मग दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा. जोरजोरात हलवलं तर फिल्मच्या कडेच्या छिद्रांजवळ उजळ आकाशात पट्टे उमटतात. अगदीच कमी हलवलं तर उजळ भाग मागे पडतात आणि प्रिंट पुन्हा मातकट. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) दहा-पंधरा सेकंद. रॅपिड फिक्सर १+४ मध्ये पाच मिनिटं. शेवटी टँकमध्ये पाणी भरून पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा वीस वेळा. सगळी पाणी आणि रसायनं डेव्हलपरच्याच तापमानाच्या जवळ ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत न ओतता साठवून योग्य ठिकाणी द्या.

पहिला रोल निघाला की हे करा. दोन फ्रेममधला किंवा सुरुवातीचा कोरा, पारदर्शक भाग एन्लार्जरमध्ये घाला. उंची ८ × १० ची, एन्लार्जरच्या भिंगाचं छिद्र एफ/८, फिल्टर २½. पेपरच्या पट्टीवर दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या काढा, पूर्ण नव्वद सेकंद डेव्हलप करा, फिक्स करा, वाळवा. पांढऱ्या उजेडात अशी पायरी शोधा जिच्यापुढे काळं आणखी काळं होत नाही. समजा ती १२ सेकंदांची आहे. सहा तुकड्यांत दिलेले १२ सेकंद आणि सलग १२ सेकंद यांत दिवा तापण्यामुळे थोडा फरक पडतो, म्हणून एक पट्टी सलग १२ ने तपासून घ्या. आता काहीही न हलवता त्याच १२ सेकंदांत एका साध्या उन्हातल्या फ्रेमची प्रिंट काढा. ही प्रिंट खोटं बोलत नाही. सावलीच्या भागात तपशील नसेल तर फिल्मला उजेड कमी पडला. २५० चे २०० किंवा १६० करा. सावली ठीक आणि पांढरा शर्ट राखाडी असेल तर डेव्हलपिंग दहा टक्के वाढवा. शर्ट कोरा कागद झाला असेल तर तेवढंच कमी करा. तीन-चार रोलमध्ये तुमचा आकडा आणि तुमची वेळ पक्की होते.

आणि ते आधीचे सात रोल फेकू नका. पांढऱ्या कागदावर मागून उजेड पाडून फिल्मच्या कडेचे आकडे बघा. ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे ठसठशीत काळे आणि चित्र पातळ, तर एक्स्पोजर कमी पडलं. आकडेही फिके, तर डेव्हलपिंग कमी झालं: वेळ, तापमान किंवा मेलेला डेव्हलपर. दुसऱ्या प्रकारातल्या निगेटिव्हमध्ये सावलीचा बराच तपशील शिल्लक असतो, फक्त काँट्रास्ट नसतो. अशा फ्रेमला फिल्टर ४ लावून २½ च्या दुप्पट वेळेची पट्टी काढा; त्यांतल्या काही नक्की उभ्या राहतील. पहिल्या प्रकारात कोऱ्या सावल्या काळ्याच छापून घ्याव्या लागतात, त्यांना राखाडी करायला गेलं की मातकटपणा परत येतो.